आभाळातली नाशिक गाडी

वैशाख पौर्णिमेला आमच्या वस्तीत शिकणाऱ्या प्रत्येकाला सतरंजीपुढे उभं राहावं लागतं. ही रीत कोणी सुरू केली ते मला माहीत नाही. संध्याकाळी वंदना होते, खिरीचं पातेलं विहाराच्या मागे चुलीवरून उतरतं, आणि अंगणातली पुढची सतरंजी बायकांसाठी मोकळी केली जाते. तिच्यावर बसणाऱ्या बहुतेकींनी शाळा पाहिलेलीच नाही, किंवा पाहिली ती चौथीपर्यंत. त्या पदर सावरून बसल्या की कॉलेजात जाणाऱ्यांनी एकेक करून उठायचं आणि वर्षभरात काय शिकलो ते आपल्या भाषेत सांगायचं. सतरंजीवरच्या कोणालाही मधेच हात वर करून "कळलं न्हाई" म्हणायचा हक्क आहे. असं कोणी म्हटलं की परत सांगायचं. सतरंजीला कळल्याशिवाय खीर वाढत नाहीत.

त्यामुळे मागे उभ्या असलेल्या पोरांचा जीव वर-खाली होत असतो. एका वर्षी कॉमर्सच्या मुलाला घसारा म्हणजे काय ते सांगता येईना. शेवटी कोणीतरी आपली जुनी सायकल आणून त्याच्यासमोर उभी केली. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ही घेतली तेव्हा केवढ्याची होती, आणि आज भंगारवाला काय देईल?" सगळी सतरंजी एका आवाजात "हां" म्हणाली आणि पातेल्याचं झाकण निघालं.

पदवीपर्यंत पोचलेली आमच्या घरातली मी पहिली. राहात्याच्या शाळेतून निघाले आणि पुढे नगरला गेले, पण मला बोलायला खरं शिकवलं त्या सतरंजीने, असं मला आजही वाटतं. बी.एस्सी.ची तीन वर्षं सोपी गेली. भिंगं, थर्मास, इंद्रधनुष्य या गोष्टी हातात धरून दाखवता येत होत्या. एम.एस्सी.ला मात्र माझ्या गाइड मॅडमनी मला असा विषय दिला, जो कोणाला दिसत नाही, अंगाला लागत नाही आणि आपल्या गावावरून तर फारसा जातही नाही.

विमानं उडतात त्याच्याही पुष्कळ वर, विषुववृत्ताभोवती, वाऱ्याचा एक पट्टा सगळ्या पृथ्वीला वेढून वाहतो. काही महिने तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. मग उलटा फिरतो आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. पुन्हा फिरतो. एक फेरा पुरा व्हायला सरासरी अठ्ठावीस महिने लागतात. उन्हाळा-पावसाळ्याशी या फेऱ्याचा ताळमेळ नाही, तो आपल्याच चालीने चालतो. आणि गंमत अशी की नवा वारा नेहमी सगळ्यात उंचावर सुरू होतो आणि हळूहळू खाली उतरतो, महिन्याला साधारण एक किलोमीटर. खालचा जुना वारा तळाशी जाऊन विरतो, तोवर वर पुढच्याची सुरुवात झालेली असते. सिंगापूरहून रोज फुगे सोडून या वाऱ्याच्या नोंदी घेतात. त्या नोंदी कॉम्प्युटरवर उतरवून त्यांचे आलेख काढायचे, हे माझं काम.

वस्तीत याचा अर्थ असा लागला की मी सिंगापूरला जाऊन येते. शेजारच्या काकांनी मला तिथल्या छत्र्या चांगल्या असतात का म्हणून विचारलं होतं.

त्या वर्षीच्या पौर्णिमेला मी उभी राहिले आणि मोठ्या विश्वासाने कॅनॉलचं उदाहरण दिलं. म्हटलं, पाटाला जसं पाळीपाळीने पाण्याचं आवर्तन येतं तसं आभाळात वाऱ्याचं आवर्तन असतं, फक्त ते वेळेवर येतं.

सतरंजीच्या मधोमध आत्या बसली होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. शिर्डीच्या रस्त्याला तिची हातगाडी असते, हंगामात पेरू, उन्हाळ्यात कलिंगड. तिने हात वर केला.

"कळलं न्हाई. येळेवर येतंय त्याला आवर्तन कसं म्हनायचं?"

सतरंजी हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, आवरा, खीर थंड होत चाललीय."

मग विहाराच्या पायऱ्यांकडे लक्ष गेलं. पायऱ्यांवर लहान मुलं बसली होती, खिरीची वाट बघत. मी त्यांना उठवलं आणि प्रत्येक पायरीवर दोघं-तिघं उभे केले. खालच्या पायऱ्यांवरच्या मुलांना म्हटलं, नाशिककडे, म्हणजे पश्चिमेला, तोंड करा. वरच्यांना म्हटलं, तुम्ही श्रीरामपूरकडे, पूर्वेला. मी टाळी वाजवली की सगळ्यांनी एक पायरी खाली यायचं. सगळ्यात खालचे अंगणात उतरून वळसा घालून पुन्हा वर जातील आणि सगळ्यात वर उभे राहतील.

"एक टाळी म्हणजे एक महिना," मी म्हटलं आणि टाळ्या वाजवायला लागले.

मुलांना याहून चांगला खेळ कधी मिळाला नव्हता. श्रीरामपूरकडे तोंड केलेली रांग पायरी पायरी उतरत आली, नाशिकवाले अंगणात उड्या मारून पळत मागून वर चढले, आणि उतरणाऱ्या रांगेच्या वर पुन्हा नाशिककडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या पुढे होती माझी आतेबहीण, आत्याची थोरली. तेव्हा ती नववी संपवून दहावीत गेली होती आणि लहान मुलांच्या खेळात शिरायला तिला लाज वाटत नव्हती.

"आत्ता आभाळात इथवर आलंय," मी मधेच थांबून म्हटलं. "श्रीरामपूरचा वारा वरून उतरतोय. तो तळापर्यंत जाईल. मग वरून नाशिकचा निघेल, आणि पुढच्या पौर्णिमेला तो या मधल्या पायरीवर उतरलेला असेल."

शास्त्रात वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव त्याला देतात. सतरंजीने तो जातो त्या गावाचं दिलं, एसटीच्या पाटीसारखं. एका काकूंनी विचारलं, "म्हंजे आत्ता श्रीरामपूर गाडी लागलीय, अन् नाशिक गाडी डेपोतनं निघायचीय?" मी म्हटलं, अगदी बरोबर. सतरंजी "हां" म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या वस्तीत त्या वाऱ्यांना दुसरं नाव राहिलं नाही.

खीर खाताना मी आत्यापाशी बसले. मला तिच्याशी दुसरंच बोलायचं होतं. आतेबहिणीला दहावीनंतर सायन्सला जायचं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत टवका उडालेला एक प्रिझम टाकून देणार होते, तो मी मागून घेऊन तिला दिला होता. तिने तो हातगाडीच्या छताला दोऱ्याने टांगला. दुपारी उन्हाचा कवडसा त्यातून गेला की पेरूंच्या ढिगावर सात रंगांचा पट्टा पडायचा. आत्याची तक्रार होती की गिऱ्हाईक पेरू बघायचं सोडून रंग बघत उभं राहतं. पण प्रिझम तिने काढला नव्हता.

"पोरगी हुशार आहे, आत्या. सायन्सला घाल तिला," मी म्हटलं.

"हुशार हाय ते मला ठावं हाय. पन जाऊन करंल काय?"

"म्हणजे?"

"अगं, समदं शोधून झालंय की तुमचं. दिवा शोधला, मोबाईल शोधला. आता तू म्हनतीस आभाळातल्या वाऱ्याचंबी टाईमटेबल तयार हाय. मग माझ्या पोरीला काय ऱ्हायलं? दुसऱ्यानं लावलेल्या दुकानात झाडू मारायचा?"

मी भलतंच उत्तर दिलं. म्हटलं, "सायन्सचा भरवसा असतो आत्या. सांगितलेलं होतं."

आत्याने वाटीतली खीर बोटाने पुसून खाल्ली.

"मग असं कर. पुढच्या पौर्णिमेला नाशिक गाडी मधल्या पायरीवर आली, तर तुझा भरवसा खरा. पोरगी सायन्सला. न्हाई आली तर आर्ट्स. आन् मग माझ्या मागं लागायचं न्हाई. तू बी न्हाई, ती बी न्हाई."

आतेबहीण पलीकडे वाट्या गोळा करत होती. तिने तिथूनच मला डोळ्याने खूण केली, घे म्हणून. मी घेतली पैज. कितीतरी दशकांच्या नोंदींत तो वारा आपली रीत सोडून वागला नव्हता. मला वाटलं, ही पैजसुद्धा नाही, ही तर ॲडमिशनच झाली.

वर्षभर रविवारी आत्याचा फोन यायचा. मागे वाहनांचे आवाज, शिर्डीला निघालेल्या लोकांचा गलबला, आणि ती मोठ्याने विचारायची, "कुठवर आली गं?" मी सांगायची, श्रीरामपूर गाडी अजून उतरतेय, पण वर डेपोत नाशिकची हालचाल दिसायला लागलीय. मग दिवाळीनंतर सांगितलं, नाशिक निघाली. आत्याने हातगाडीवरूनच जाहीर केलं, "निघाली बया." कोण निघाली म्हणून कुठल्यातरी गिऱ्हाइकाने विचारलं असावं, कारण पुढे तिचं बराच वेळ वाऱ्यावर भाषण चाललं आणि माझा फोन तसाच चालू राहिला. दहावीचा अभ्यास करणारी आतेबहीण मधूनच मेसेज पाठवायची. एका पायरीचं चित्र, तिच्यावर एक बस.

थंडी सरत आली तेव्हा मी एक दिवस नव्या नोंदी उतरवल्या आणि आलेख बघून थबकले. वरून उतरणारा नाशिकचा वारा थांबला होता. नुसता थांबला नव्हता, मागे सरत होता. आणि मधोमध, जिथे श्रीरामपूरचा वारा जोरात असायला हवा होता तिथे, नाशिकचा एक पातळ थर आला होता. वरून नाही, खालून नाही. कुठून आला तेच कळत नव्हतं.

मला वाटलं, माझंच उणे-अधिक चिन्ह चुकलं. सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच आलं. गावाकडच्या मुलीचं असं होतं, आलेख वाकडा आला की आधी स्वतःवर संशय येतो. बरेच दिवस मी ते कोणाला दाखवलंच नाही. शेवटी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, "मॅडम, माझ्याकडून कुठेतरी चूक झालीय, सापडत नाहीये."

मॅडमनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. मग त्यांनी स्वतः नोंदी उघडल्या. खालपासून वरपर्यंत तपासल्या. मग अशा हसल्या की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

"तुझी चूक नाही, बाळा. वारा चुकलाय."

"असं होतं?"

"कधीच झालेलं नाही. मी इतकी वर्षं हा आलेख शिकवतेय, दरवर्षी तोच. मला वाटलं होतं, निवृत्त होईपर्यंत तोच राहील." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "आज जगात जेवढे लोक या वाऱ्याकडे बघतात ना, ते सगळे डोकं खाजवत बसले असतील. आणि त्यांच्यात आपण दोघी आहोत. चल, वडा खाऊ."

कँटीनमध्ये त्यांनी मला वडा घेऊन दिला आणि स्वतः दोन खाल्ले. पेपर नॅपकिनवर त्या चित्र काढत होत्या. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातून हवेच्या मोठ्या लाटा आल्या असतील आणि त्यांनी बाजूने धक्का दिला असेल. पण याच वर्षी का? इतक्या जोरात का? ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्या इतक्या खुशीत होत्या की मीही हसत होते. मग एकदम आठवलं, आपण आतेबहिणीची ॲडमिशन या वाऱ्यावर टांगून ठेवलीय.

रात्री तिला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, एक सांग. मधल्या पायरीवर नाशिक आहे का नाही?"

"आहे. पण ती वरून आलेली नाही गं. वरची परत फिरली. ही भलतीच आहे."

"पैजेत काय ठरलं होतं? मधल्या पायरीवर पाहिजे. आहे ना? मग 'पण' कशाला म्हणतेस?"

तिचं म्हणणं शब्दाला धरून होतं. पैज माझ्याच तोंडच्या वाक्यावर लागली होती आणि ते वाक्य खरं ठरलं होतं. "आली" एवढंच सतरंजीपुढे म्हणायचं होतं, मग खीर, मग ॲडमिशन.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला सायन्स पाहिजे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण ती आली कुठून, ते मलाबी बघायचंय."

मधल्या रविवारी आत्याचे फोन आले तेव्हा मी सांगितलं, आता पौर्णिमेलाच सांगते. आत्या म्हणाली, "बरं. सस्पेन्स ठेव."

पौर्णिमेला ऊन उतरलं तरी फरशी तापलेलीच होती. सतरंजी भरली. या वेळी मागची पोरंसुद्धा पुढे सरकून बसली होती, कारण नाशिक गाडीची पैज सगळ्या वस्तीला ठाऊक होती. लहान मुलं मी सांगायच्या आधीच पायऱ्यांवर जाऊन उभी होती. आतेबहीण सगळ्यात वर, नाशिककडे तोंड करून.

मी टाळी वाजवली. ती रांग घेऊन एक पायरी उतरली. आणखी एक उतरली. मग मी हात वर केला.

"थांबा. वरच्यांनी आता माघारी जायचं."

"आं?" पोरं म्हणाली. ती माघारी चढली, पण नाराज होऊन.

"आणि आता मला कोणीतरी असं पाहिजे, जो रांगेत नाही. त्याने बाजूने यायचं आणि मधल्या पायरीवर श्रीरामपूरवाल्यांमध्ये घुसायचं. नाशिककडे तोंड करून."

कोणी हललं नाही. बाजूला कठडा होता आणि मुलांना ते रीतीला धरून वाटेना. मी पुन्हा सांगणार, एवढ्यात आतेबहीण वरून निघाली. विहाराला वळसा घालून आली, ओढणी कमरेला खोचली, कठड्यावर चढली आणि थेट मधल्या पायरीवर उतरली. श्रीरामपूरवाल्यांना कोपर मारून तिने जागा केली आणि नाशिककडे तोंड करून उभी राहिली.

एकच गोंधळ झाला. "ए, लाईन तोडू नको." "कंडक्टर, तिकीट बघा हिचं." "मधनंच चढली ओ ही." सतरंजीवरच्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या.

हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, "असं झालं. वरून येणारी नाशिक गाडी आली नाही. ही जी मधे दिसते ती मी सांगितलेली नाही. मी सांगितलेलं झालं नाही."

आत्याने हात वर केला. "कळलं न्हाई."

मी परत सांगितलं. ती ऐकत होती, पण बघत होती पायरीवरच्या लेकीकडे.

"ही मधली कुठनं आली म्हनायची?"

"नक्की माहीत नाही. उत्तरेकडून लाटांचा धक्का बसला असं वाटतं. पण का, ते कळलेलं नाही."

"तुला न्हाई कळलं. तुझ्या मॅडमला?"

"त्यांनाही नाही."

"त्या सिंगापूरवाल्यांला?"

"त्यांनाही नाही, आत्या. अजून कोणालाच नाही. शोधतायत."

आत्याने पदर डोक्यावर घेतला, पुन्हा खांद्यावर टाकला. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की ती असंच करते. मला वाटलं, संपलं, आर्ट्स.

"म्हंजे तिथं जागा रिकामी हाय म्हन की," ती म्हणाली.

"कसली जागा?"

"कामाची. मला वाटलं हुतं तुमी लोकांनी समदं उरकून टाकलंय. तसं न्हाई मग. लई काम पडलंय की अजून." मग ती लेकीकडे वळली. "ए, उतर खाली. अन् येत्या वर्साला त्या कठड्यावर चडायचं न्हाई, कॉलेजात जानारी पोरगी तू."

आतेबहीण मधल्या पायरीवर तशीच उभी, नाशिककडे तोंड करून, आणि तोंड हसून इकडून तिकडे पसरलेलं.

"पण आत्या," मी म्हटलं, "पैज तर मी हरले."

"हरलीसच. त्याचं काय? पैज तुझी हुती, पोरगी माझी हाय." तिने सतरंजीकडे बघितलं. "कळलं का गं समद्यांना?"

सतरंजी "हां" म्हणाली. मागे पातेल्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला.

आतेबहिणीने त्या वर्षी सायन्स घेतलं, आणि पुढे नगरला माझ्याच कॉलेजात आली. मॅडम निवृत्त होण्याआधी तिने त्यांच्या हाताखाली वर्षभर काम केलं. मी आता ज्युनियर कॉलेजला शिकवते. पौर्णिमेला आम्ही दोघी मागे उभ्या राहतो आणि पुढच्या मुलांचं ऐकतो. बोलायची पाळी आता त्यांची आहे.

मधे काही वर्षांनी, ती मॅडमकडे काम करत असताना, एका दुपारी तिचा फोन आला. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. ती कॉलेजच्या कॉम्प्युटरसमोरून बोलत होती आणि आवाज दाबून बोलायचा प्रयत्न करत होती, पण तो दबत नव्हता.

"ताई, परत घुसली. मधल्या पायरीवर. परत बाजूने. आधी वाटलं माझंच चुकलं, सगळं दोनदा केलं."

आम्ही दोघी फोनवर वेड्यासारख्या हसलो. मग मी आत्याला लावला. मागे वाहनांचे आवाज होते. हंगामाचे दिवस, हातगाडी भरलेली असणार, आणि छताला तो प्रिझम. मी सांगितलं की नाशिक गाडी पुन्हा मधेच चढली, आणि या वेळी ती पहिल्यांदा बघितली तुझ्या लेकीने आमच्या नगरच्या कॉलेजात.

"कशी चढली ते कळलं का?"

"नाही अजून. पूर्ण नाही."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "तिला काम लागलं. ठेव आता, गिऱ्हाईक हाय."